पिंगळीचा अॅव्होकॅडो आणि कलमाचा प्रवास

आमच्या पिंगळीच्या घरामागं, न्हाणीच्या भिंतीला लागून, एक अॅव्होकॅडोचं झाड आहे. २०१४ च्या पावसाळ्यात मी हैदराबादहून दोन फळं आणली होती. घरात कुणालाच ती आवडली नाहीत. अम्मी म्हणाली, याला ना गोडी ना आंबटपणा, याच्यापेक्षा उकडलेला बटाटा बरा. अब्बांनी साखर घालून पाहिली, मग मीठ घालून पाहिलं आणि वाटी बाजूला सारली. खालानं मात्र दोन्ही बिया उचलल्या आणि घर बांधताना उरलेल्या मुरमाच्या ढिगाऱ्यात पुरून टाकल्या. त्यातली एक उगवली.

खाला आमच्याकडेच राहते. वजूचं पाणी वाया जाऊ नये म्हणून ती त्या रोपाशेजारी बसून वजू करायची. पाच वेळच्या त्या पाण्यावर झाड वाढलं, भिंतीच्या वर गेलं. आठव्या वर्षी, २०२२ च्या फेब्रुवारीत, त्याला मोहोर आला. फिकट हिरवट-पिवळी, शर्टाच्या बटणापेक्षा लहान फुलं, आणि इतकी की खाली अंगणात सडा पडायचा. फळ एकही नाही. पुढच्या वर्षीही तेच. शेजारचे एक काका, तसे भले माणूस, भिंतीवरून म्हणाले, "वांझ आहे हो हे झाड. तोडून टाका, तिथं लिंबोणी लावा." खाला तिथंच उभी होती. तिनं हातातला लोटा झाडाच्या बुडाशी रिकामा केला आणि काही न बोलता आत गेली. खालाला मूलबाळ नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. काकांनाही. त्यांच्या ते लक्षात आलं नसावं.

मला शेतीतलं फार कळत नाही, जुनं वाचण्याची मात्र आवड आहे. त्या दिवसापासून मी या झाडाबद्दल वाचत गेलो आणि परसातून निघून दौलताबाद, सेव्हिल, मदिना असा फिरून पुन्हा परसात आलो. त्या वाचनातलं जे हाती लागलं ते इथं मांडतो. परसात अॅव्होकॅडो लावून फळाची वाट पाहणारं आणखी कुणी असेल, तर त्यालाही यातलं काही उपयोगी पडेल.

हे झाड मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचं. तिथल्या नाहुआत्ल भाषेत त्याला 'आवाकात्ल' म्हणत. स्पॅनिश लोकांनी त्याचं 'आग्वाकाते' केलं, आणि पुढं त्यांच्या भाषेतल्या वकिलाच्या शब्दाशी तो उच्चार जुळून 'अॅव्होकॅडो' झाला. फ्रेंचमध्ये आजही वकील आणि हे फळ यांना एकच शब्द आहे. युरोपीय माणसानं याचं पहिलं लेखी वर्णन केलं ते १५१९ साली, मार्तिन फर्नांदेस दे एन्सिसो या स्पॅनिश भूगोलकारानं. त्या वेळी गोव्यात पोर्तुगीज येऊन नऊ वर्षं झाली होती आणि दिल्लीत लोदींचं राज्य होतं. म्हणजे युरोपच्या नजरेला हे फळ बाकीच्या अमेरिकी फळांच्या बरोबरीनंच पडलं. मग ती सगळी आपल्याकडं आली, हेच का मागं राहिलं?

आणि आली तीही कशी, घरचीच होऊन गेली. पेरू अमेरिकेचा; आमच्याकडं त्याला जाम म्हणतात, बाकी महाराष्ट्र त्याला पेरू म्हणतो. पपई अमेरिकेची. सोळाव्या शतकाच्या शेवटी गोव्यात राहिलेल्या लिन्शोटेन नावाच्या डच माणसानं लिहून ठेवलंय की ती स्पॅनिश मुलखातून फिलिपिन्सला, तिथून मलाक्क्याला आणि तिथून हिंदुस्थानात आली. अननस ब्राझीलचा. चिकूचं नावसुद्धा नाहुआत्लमधून आलेलं, टोमॅटोचंही. उपवासाच्या दिवशी शेजारच्या वहिनी साबुदाण्याच्या खिचडीची वाटी पाठवतात, तिच्यात साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची हे चारही जिन्नस अमेरिकेहून आलेल्या पिकांचे. आमच्या इफ्तारच्या ताटातही खजूर सोडला तर पपई, जाम, अननस हीच मंडळी असतात.

यातलं सर्वांत गमतीचं सीताफळ. आपल्या बालाघाटाच्या डोंगरात ते इतकं माजलंय की ते बाहेरून आलं असं सांगितलं तर लोक भांडायला उठतील. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, आणि अंबाजोगाईला परभणीच्या कृषी विद्यापीठाचं सीताफळ संशोधन केंद्र आहे. अलेक्झांडर कनिंगहॅमसारख्या पुरातत्त्वज्ञालाही भारहुतच्या शिल्पात सीताफळ दिसलं होतं आणि ते इथलंच असावं असं वाटलं होतं. वनस्पतिशास्त्रज्ञ मात्र त्याला अमेरिकेचंच मानतात. नाव सीतेचं, भाऊबंद रामफळ, तेही तिकडचंच.

इथं एक बाजूची गोष्ट सांगतो. रेल्वेत, ऑफिसात, कुठंही नाव सांगितलं की मला पुढचा प्रश्न येतो, "मूळचे कुठले?" पिंगळीचे म्हटलं तरी तो संपत नाही. "नाही, म्हणजे त्याच्या आधी?" आमच्या घरातल्या कुणालाही माहीत असलेली सगळी नावं याच गावच्या कब्रस्तानात आहेत. सीताफळाला हा प्रश्न कुणी विचारत नाही, याचं मला कौतुकही वाटतं आणि थोडा हेवाही.

अॅव्होकॅडो मागं राहिला याचं कारण त्याच्या बीमध्ये आहे. सीताफळाची, पपईची, पेरूची, मिरचीची बी वाळवून चिंधीत बांधली तरी महिनोन्महिने जिवंत राहते. अॅव्होकॅडोची बी वाळली की मेली. आंब्याच्या कोयीसारखाच तिचा स्वभाव. फळातून काढल्यावर उघड्यावर ती काही आठवडेच टिकते. लिस्बनहून गोव्याला यायलाच जहाजाला सहा महिन्यांच्या आसपास लागायचे, अमेरिकेचा प्रवास त्याच्या आधीचा. खलाशाच्या पेटीत ही बी जिवंत पोचणं अवघड होतं. रोप न्यावं तर खारं वारं आणि गोड्या पाण्याची टंचाई. १८३० च्या दशकात लंडनच्या नथॅनियल वॉर्ड या डॉक्टरानं बंद काचेच्या पेटीत रोपं जगवण्याची युक्ती काढली, तेव्हा कुठं जिवंत झाडांचा समुद्रप्रवास सोपा झाला. आपल्याकडं अॅव्होकॅडो आला तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, श्रीलंकेमार्गे. कोडगू, निलगिरी, पळणीचे डोंगर, केरळचा वायनाड इथं तो कॉफीच्या मळ्यांत रुजला आणि बाजारात 'बटरफ्रूट' म्हणून विकला जाऊ लागला. मराठवाड्याला त्याची वार्ताही नव्हती.

नसण्याला आणखी एक सरळ कारण होतं, आपलं रान. परभणीला मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या आसपास जातो आणि एखाद्या डिसेंबरात ५ अंशांच्याही खाली येतो. काळी माती पावसाळ्यात पाणी धरून बसते. अॅव्होकॅडोची अन्न घेणारी मुळं वरच्या वीतभर मातीतच असतात आणि त्यांना हवा लागते. पाणी साचलं की फायटोफ्थोरा नावाची बुरशी मुळं कुजवते आणि मोठं झाड दोन-तीन वर्षांत वरून वाळत येतं. त्यात आपली माती चुनखडीची. तिच्यात या झाडाला लोह मिळत नाही, शिरा हिरव्या आणि पान पिवळं अशी अवस्था होते. बोअरचं क्षारी पाणी दिलं की पानांची टोकं जळतात. खालानं बी मुरमाच्या ढिगाऱ्यात पुरली नसती आणि बोअरचं पाणी घातलं असतं, तर मोहोर बघण्याची वेळच आली नसती. आमच्याकडं वजूला नळाचं पाणी, आणि वजूच्या पाण्यात साबण नसतो. पश्चिमेला न्हाणीची भिंत, वर शेजारच्या लिंबाची सावली. हे सगळं न ठरवता जमून आलं होतं. जाणूनबुजून लावायचं असेल तर खड्डा करण्याऐवजी मुरूम-मातीचा उंचवटा करावा, ताजी बी धुऊन, रुंद बाजू खाली ठेवून, अर्धी वर दिसेल अशी लावावी, बुडाशी पालापाचोळ्याचं जाड आच्छादन ठेवावं आणि तिथं कुदळ चालवू नये. आणि झाडाला शेळी बांधू नये. याची पानं आणि साल शेळ्या-मेंढ्यांना विषारी असतात. ही गोष्ट आम्हाला उशिरा कळली. नशीब, आमची शेळी दुसऱ्या टोकाला असायची.

पण जगणं वेगळं आणि फळणं वेगळं. बीचं झाड पाच वर्षांनी फळेल नाहीतर बारा वर्षांनी, आणि फळलं तरी आईसारखं फळेल याचा भरवसा नाही. रायवळ आंब्याचं जसं असतं तसंच. चांगल्या झाडाचं फळ पुढच्या पिढीला त्याच चवीनं मिळायचं असेल, तर त्या झाडाची काडीच दुसऱ्या खुंटावर बसवावी लागते. या कामाला आपण मराठीत जो शब्द वापरतो, तो आहे 'कलम'.

हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडं आला. अरबीत 'कलम' म्हणजे बोरूची लेखणी, आणि अरबीतही तो ग्रीकांच्या बोरूवरून आला असं भाषाशास्त्रज्ञ सांगतात. कुरआनच्या पहिल्या अवतरणात कलमाचा उल्लेख आहे आणि एका सूरेचं नावच 'अल-कलम' आहे. बोरू तिरका छाटून लेखणी करतात, झाडाची काडीही तशीच तिरकी छाटतात, म्हणून फारसीत दोन्हीला एकच शब्द झाला. चित्रकाराचा कुंचलाही कलमच. मराठीनं तो उचलला तेव्हा आणखी एक अर्थ जोडला, कायद्याचं कलम. त्यामुळं आपल्याकडं शाळेत, रोपवाटिकेत आणि पोलीस ठाण्यात एकाच शब्दानं काम भागतं. पाचर कलम, भेट कलम, कोय कलम, डोळा भरणं, गुटी बांधणं असे प्रकार कोकणातल्या आणि आपल्याकडच्या माळ्यांच्या तोंडी असतात. लेखणी हा मूळ अर्थ मागं राहिला आणि माळ्याचा अर्थ रोजच्या बोलण्यात टिकला, हे मला फार आवडतं.

याचा अर्थ ही विद्या मुसलमानांनी इथं आणली असा कुणी काढू नये. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त झाडावर झाड बसवण्याच्या रीती दिलेल्या आहेत, आणि तो सहाव्या शतकातला. पण तिला वाढवणाऱ्या, लिहून ठेवणाऱ्या आणि नव्या फळांवर तिचा प्रयोग करणाऱ्या लोकांत मुसलमान बागवान आणि लेखकांची लांबच लांब रांग आहे. आपल्या शालेय इतिहासात लढाया आहेत, किल्ले आहेत. ही रांग तिथं नाही.

अकराव्या शतकात तोलेदोच्या राजाच्या बागेत इब्न बस्साल नावाचा माळी होता. त्यानं शेतीवर लिहिलेलं पुस्तक त्याच्या स्वतःच्या अनुभवावर उभं आहे. बाराव्या शतकात सेव्हिलच्या इब्न अल-अव्वामनं 'किताब अल-फिलाहा' हा मोठा ग्रंथ लिहिला. त्यात ५८५ वनस्पती आणि पन्नासहून अधिक फळझाडांची माहिती आहे, कलमांवर स्वतंत्र विवेचन आहे. पुढं ज्या अंदालूस प्रांताच्या बंदरांतून स्पॅनिश जहाजं अमेरिकेला निघाली, तिथल्या बागांवर या लोकांच्या हाताची खूण होती.

आपल्याकडं बघायचं तर फार लांब जायला नको. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादला आला. तिथल्या द्राक्षांना आणि डाळिंबांना वर्षातून दोनदा बहर येतो, असं त्यानं नोंदवलंय. आजचा मराठवाड्यातला शेतकरी मृग बहर आणि हस्त बहर म्हणतो तेव्हा मला हा प्रवासी आठवतो. बाबरानं आग्र्यात बाग लावली, तिथं द्राक्षं आणि खरबूज आल्यावर त्याला झालेला आनंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अकबराच्या काळात मुहम्मद कुली अफशार या बागांच्या अधिकाऱ्यानं काबूलची गोड चेरी कलमं करून काश्मीरमध्ये रुजवली. जहांगीरनं हे नावासकट लिहून ठेवलं. बादशहानं आपल्या आठवणींत एका बागवानाचं नाव नोंदवावं, ही मला त्या पुस्तकातली फार मोठी गोष्ट वाटते. युरोपीयांच्या बंदरांतून आलेला अननस आग्र्याच्या गुलअफशान बागेत दरवर्षी हजारोंनी निघतो, हीसुद्धा जहांगीरचीच नोंद. ज्या फळाचं कलम नको, ज्याच्या शेंड्यावरूनच रोप होतं, ते शंभरेक वर्षांत बादशाही बागेत पोचलं होतं. अॅव्होकॅडोच्या नशिबी ते नव्हतं.

आणि एक माणूस तर थेट आपल्या मुलखाशी जोडलेला. १६३३ साली महाबत खानानं निजामशाहीकडून दौलताबादचा किल्ला घेतला. त्या मोहिमेत त्याचा मुलगा अमानुल्लाह हुसैनी होता. त्याला खान जमान ही पदवी होती. या सरदारानं 'गंज-ए-बादआवर्द' नावाचा फारसी ज्ञानकोश लिहिला आणि त्यात शेती आणि फळझाडांवर मजकूर आहे. वेढा, सुरुंग, तोफा हे सगळं केलेला माणूस झाडं कशी लावावीत ते लिहून ठेवतो. दारा शुकोहच्या नावावर सांगितला जाणारा 'नुस्खा दर फन्न-ए-फलाहत' हा असाच फारसी ग्रंथ. त्याचं इंग्रजी भाषांतर रझिया अकबर यांनी केलं आणि ते २००० साली सिकंदराबादहून निघालं. आमच्या पिंगळीच्या स्टेशनावरून सिकंदराबादला गाडी जाते, पण दौलताबादचा किल्ला पाहायला जाणाऱ्या आमच्या गावच्या पोरांना त्या किल्ल्याच्या इतिहासात एक बागायतीचं पुस्तकही आहे, हे कुणी सांगत नाही.

गोव्यात पोर्तुगीजांनी, विशेषतः जेझुइट पाद्र्यांनी, आंब्याची कलमं मोठ्या प्रमाणावर केली, त्यातून हापूस निघाला. अफोन्सो द अल्बुकर्कच्या नावाचा तो अपभ्रंश. ज्यानं १५१० साली गोवा घेतल्यावर तिथल्या मुसलमानांची कत्तल केली, त्याचं नाव आम्ही दर उन्हाळ्यात आवडीनं घेतो. झाडाचा यात काही दोष नाही.

आता अॅव्होकॅडोच्या कलमाची गोष्ट. कॅलिफोर्नियात रुडॉल्फ हास नावाचा एक पोस्टमन होता. १९२० च्या दशकात त्यानं ला हाब्रा हाइट्स या ठिकाणी दीडेक एकर जागा घेतली, रोपवाटिकेतून बिया आणून लावल्या आणि उगवलेल्या रोपांवर त्या वेळच्या नावाजलेल्या 'फुएर्ते' जातीची कलमं बांधून घेतली. एका रोपावर कलम काही केल्या धरेना. हासनं ते काढून टाकायचं ठरवलं, पण कलम बांधणाऱ्या माणसानं सांगितलं, खोड जोमदार आहे, राहू द्या. ते राहिलं, फळलं, काळपट सालीची फळं त्याच्या मुलांना फुएर्तेपेक्षा आवडली. १९३५ साली हासनं त्या झाडाचं पेटंट घेतलं. त्यातून त्याला आयुष्यभरात पाचेक हजार डॉलर मिळाले. १९५२ साली तो वारला. आज जगात सर्वाधिक विकला जाणारा अॅव्होकॅडो 'हास'च, आणि त्याचं प्रत्येक झाड त्या एका झाडाच्या काडीवरून आलेलं. मूळ झाड मुळकुजीनं गेलं, २००२ साली ते कापलं.

ही गोष्ट मी घरात वाचून दाखवली. खाला म्हणाली, "म्हणजे त्यालाही कुणीतरी तोडा म्हणालं होतं."

पण आमच्या झाडाला मोहोर येऊनही फळ का नाही, याचं उत्तर यात नव्हतं. ते फुलात होतं. अॅव्होकॅडोचं फूल दोनदा उघडतं. पहिल्यांदा मादी म्हणून, मग मिटतं, आणि दुसऱ्या दिवशी नर म्हणून उघडतं. म्हणजे फुलाकडं परागकण असतात तेव्हा ते स्वतः घेण्याच्या अवस्थेत नसतं. यातही झाडांचे दोन गट आहेत. 'अ' गटाची फुलं सकाळी मादी असतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर नर. 'ब' गटाची दुपारनंतर मादी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर. हास 'अ' गटातला, फुएर्ते 'ब' गटातला. दोन्ही गटांची झाडं जवळ असली की मधमाश्या दिवसभर देवाणघेवाण करतात. एकटं झाडही कधीकधी फळतं, कारण थंडी-ढगाळीनं फुलांच्या वेळा सरकतात आणि थोडी सरमिसळ होते. पण ते नशिबावर. जोडी असली तरी हजार फुलांमागं एखादं फळ टिकलं तरी पुष्कळ.

मी दोन दिवस सकाळी नऊला आणि दुपारी तीनला शिडीवर चढून भिंग लावून पाहिलं. सकाळी मधला दांडा ताठ, पुंकेसर बाजूला आडवे झालेले. दुपारी उघडलेल्या फुलांत पुंकेसर उभे. आमचं झाड 'अ' गटाचं होतं. त्यात दोष काहीच नव्हता. ते आसपासच्या कित्येक कोसांत एकटं होतं.

हे कळलं तेव्हा मला मदिन्यातल्या खजुरांच्या दोन गोष्टी आठवल्या. खजुरात नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. मदिन्याचे लोक नर झाडाचा तुरा मादी झाडाला हातानं बांधत. प्रेषित मुहम्मद (स.) मक्केहून तिथं आले, त्यांनी हे पाहिलं आणि केलं नाही तरी चालेल असं सुचवलं. लोकांनी सोडलं. त्या वर्षी पीक घटलं. तेव्हा प्रेषितांनी (स.) स्पष्ट केलं की धर्माचा आदेश असेल तर तो पाळा, माझं स्वतःचं मत असेल तर मीही माणूस आहे, तुमच्या दुनियेच्या कामातलं तुम्हाला अधिक कळतं. 'सहीह मुस्लिम' या हदीससंग्रहात हा प्रसंग आहे. मदरशात मी तो अधिकाराच्या मर्यादेचा धडा म्हणून शिकलो होतो. शिडीवरून उतरताना प्रथमच जाणवलं की त्याच्या मुळाशी परागीभवन आहे, आणि बागवानाच्या अनुभवाला दिलेला मान आहे.

दुसरी गोष्ट हजरत सलमान फारसींची. ते गुलाम होते. सुटकेची किंमत ठरली ती तीनशे खजुरांची रोपं आणि चाळीस उकिया सोनं. साथीदारांनी रोपं गोळा केली आणि प्रेषितांनी (स.) स्वतःच्या हातानं ती लावली. एका रिवायतीत तर झाडांना फळ येईपर्यंत सलमान यांनी राबायचं, अशी अट आहे. एका माणसाचं स्वातंत्र्य झाडाच्या फळण्याला बांधलेलं. बागवान आणखी एक गोष्ट लक्षात घेईल. खजूर बीपासून लावला तर निम्मी झाडं नर निघतात, म्हणून जाणती माणसं झाडाच्या बुडाशी फुटलेले फुटवे लावतात. तेही एक प्रकारचं कलमच.

मग आम्ही ठरवलं की 'ब' गटाचं दुसरं झाड लावून आणखी आठ वर्षं थांबण्यापेक्षा याच झाडाच्या एका फांदीवर 'ब' बसवायचा. कोडगूत माझा एक मित्र आहे. त्याच्या मळ्यात बीपासून आलेलं एक जुनं झाड भरघोस फळतं. वाण त्यालाही माहीत नाही. मी त्याला फुलांच्या वेळा बघायला लावल्या, फुलं दुपारी मादी होत होती. २०२३ च्या सप्टेंबरात त्यानं सहा काड्या ओल्या कागदात गुंडाळून, वर प्लास्टिक लावून पाठवल्या. दोन दिवसांनी पोचल्या. गावात आंब्याची कलमं बांधणारे एक मामा आहेत, त्यांनी अॅव्होकॅडो आयुष्यात पाहिला नव्हता. काडी हातात फिरवून म्हणाले, "साल सुटतीय, बसंल." उत्तरेकडची एक फांदी कापून पाचर कलमं केली, प्लास्टिकच्या पट्टीनं आवळली, वर पिशवीची टोपी घातली. सहातली दोन धरली.

यंदा, म्हणजे २०२५ च्या फेब्रुवारीअखेर, त्या दोन फांद्यांना पहिला मोहोर आला. मूळ झाडही फुललं होतं. मधमाश्या कमी दिसत होत्या म्हणून मी पोरीच्या रंगपेटीतला बारीक ब्रश काढला. मार्चच्या दुसऱ्या तारखेला रमजान लागला. जुहर आणि असरच्या मधे मूळ झाडाची नर फुलं आणि कलमाची मादी फुलं एकाच वेळी उघडी असायची. रोजा असताना शिडीवर चढायला मी नको म्हणत होतो, पण खालानं ऐकलं नाही. मी शिडी धरायचो, ती ब्रश फिरवायची. अम्मी खालून विचारायची, आज किती झाली? जणू तसबीह मोजतेय.

ईदपर्यंत कलमाच्या फांद्यांवर वाटाण्याएवढी एकोणीस फळं मोजली, मूळ झाडावर सात. एप्रिलच्या उन्हात गळ सुरू झाली. खोडाला चुना फासला, पश्चिमेकडून गोणपाट ताणलं, आच्छादन वाढवलं, पाणी रोज थोडं थोडं दिलं. मेच्या पहिल्या आठवड्यात वादळ आलं, त्यात आणखी गेली. पाऊस लागला तेव्हा चार होती. बीड जिल्ह्यात एका शेतकऱ्यानं बंगळुरूच्या फळबाग संशोधन संस्थेचं 'अर्का सुप्रीम' वाण लावून फळं घेतल्याच्या बातम्या मी वाचल्या आहेत. म्हणजे आपल्या हवेत हे होतं. त्यांच्याकडं शेत आहे, ठिबक आहे. आमच्याकडं एक झाड आणि चार फळं.

शेजारचे काका अधूनमधून भिंतीपाशी येतात. परवा त्यांनी विचारलं, याची काडी लिंबोणीवर बसंल का? मी सांगितलं, नाही बसत, जात वेगळी पडते, याच्याच रोपावर बसवावी लागते. ते म्हणाले, मग एक बी ठेवा. खालानं "ठेवते" म्हटलं.

ऑगस्ट चालू आहे. तीन फळं उरलीत, कोंबडीच्या अंड्यापेक्षा थोडी मोठी. हे फळ झाडावर पिकत नाही, पूर्ण वाढलं की तोडायचं आणि घरात ठेवायचं, मग आठ-दहा दिवसांत मऊ पडतं. तोडायचं कधी, ते देठाजवळच्या रंगावरून ओळखतात म्हणे, ऑक्टोबरात बघू. दोन फळं वरच्या फांदीवर पानांत लपलेली आहेत. तिसरं भिंतीच्या बाजूला, वानरांच्या हाताला लागेल असं. त्याला जुन्या मच्छरदाणीचा तुकडा बांधलाय.